मधल्या धारेतली जप्ती

नानाजी भानारकर यांनी आयुष्यात सरकारची एक काडीही घरात ठेवली नव्हती, आणि ही गोष्ट पिपरघाटातल्या प्रत्येक माणसाला ते आठवड्यातून किमान एकदा ऐकवीत असत. चुलीत घालायच्या सरपणात एखादी काडी संशयास्पद वाटली, तर तिची जंगलातली मूळ जागा आठवून नानाजी ती तिथे परत ठेवून येतील, असे गावात म्हणत. लोक ते चेष्टेने म्हणत. नानाजी मात्र ते आपल्या नावामागची पदवी असल्यासारखे मिरवीत.

त्यामुळे भादव्याचा पूर ओसरत असताना, जाळी पाहायला वैनगंगेत गेलेल्या नानाजींना एका खडकाला टेकून थांबलेला सागवानाचा ओंडका दिसला, तेव्हा पुढे काय करायचे याविषयी त्यांच्या मनात क्षणभरही दुमत झाले नाही. ओंडका कवेत न मावणारा होता. कुठल्याशा जंगलातून निघून, कुणालाही आपले गाव न सांगता तो वाहत आला होता, आणि थकलेल्या पाहुण्यासारखा तिथे पाठ टेकून पडला होता. त्याच्यावर हातोड्याचा सरकारी शिक्का कुठेच नव्हता. नानाजींनी तो दोरीने डोंग्याच्या मागे बांधला आणि घाटावर धुणे धूत बसलेल्या सुगंधाबाईंना हाक दिली.

"सरकारी माल हाय. पल्याडच्या नाक्यावर जमा करतो, पावती घेतो अन् येतो."

"राहू द्या ना जी नदीत," सुगंधाबाई मान वर न करता म्हणाल्या. "नदीनं आनलं, नदी नेईन. तुमचं काऊन दुखते?"

"पाहून न पाहल्यासारखं कराले मी काही पुढारी नोहो. तू भाताचं आधन ठेव. उकळी फुटाच्या आत इथी उभा राहतो."

एवढे बोलून त्यांनी वल्हे मारले. डोंगा पाण्यावर हलका सरकला. तो त्यांच्या वडिलांनी आंब्याच्या एका अखंड खोडातून कोरलेला होता. तेवढ्या घेराचे झाड आता शिवारात उरले नव्हते, आणि खोडाच्या पोटातली नाव ओळखून ती बाहेर काढणारे हातही उरले नव्हते. नानाजींची मासोळी, नानाजींचा भात आणि नानाजींची ऐट, तिन्ही त्या एका खोडावर तरंगत होती.

नदीच्या आल्याड चंद्रपूर जिल्हा, पल्याड गडचिरोली. पिपरघाटचे स्वतःचे वन कार्यालय सडकेने सतरा किलोमीटर होते. समोरच्या मोहघाटचा वननाका मात्र नजरेच्या टप्प्यात होता. शहाण्या माणसाने कुठे जावे, हे सांगायला नकाशा लागत नव्हता. पुढे नेमका नकाशाच लागला, ती गोष्ट वेगळी.

मोहघाटच्या नाक्यावर राजदीप नावाचा तरुण वनरक्षक होता. नोकरी नवी, गणवेश नवा, आणि नोंदवही त्याहून नवी. त्याने ओंडका पाहिला, नानाजींकडे पाहिले, आणि अशी प्रामाणिकता आपल्या हयातीत पाहायला मिळाली म्हणून खुर्ची पुढे केली.

"कुठी सापडलं, काका?"

इथे दुसरा कुणी असता तर 'नदीत' एवढेच म्हणाला असता आणि घरी जाऊन गरम भात जेवला असता. पण नानाजी नेमके बोलणारे होते.

"मधल्या धारेच्या आल्याड. आमच्या बाजूनं. धारेपासून तीन डोंगे अंतर मोजा."

राजदीपची लेखणी थांबली. "म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात."

"हो."

"आनि आता आहे गडचिरोली जिल्ह्यात."

"मीच आनलं ना बापा."

"परवाना?"

"कायचा?"

"वाहतुकीचा. सागवान एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात न्याचं तर परवाना लागते, काका."

"अन् नदी आनत होती तवा?"

राजदीपने प्रामाणिकपणे विचार केला. "नदीचा रकाना नाई वहीत," तो म्हणाला, आणि आपल्याला सुचेना म्हणून त्याने मोहघाटच्या साहेबांना फोन लावला. साहेब वनक्षेत्रपाल होते आणि त्या वेळी नाश्ता करीत होते. फोनमधून आधी घास गिळल्याचा आवाज आला, आणि मग निर्णय आला. विनापरवाना वाहतूक. लाकूड जप्त. वाहतुकीचे साधन जप्त.

"साधन म्हणजे काय जी?" नानाजींनी विचारले.

राजदीपने ओशाळून डोंग्याकडे बोट दाखवले.

नानाजींचे त्या क्षणी जे झाले त्याला राग हा शब्द थिटा पडतो. झाकण लिंपलेल्या मडक्यात मोहफुले खदखदावीत तसे ते आतल्या आत खदखदले, आणि वाफ जाण्यासाठी त्यांना वाटच सापडेना. चार माणसांनी डोंगा पाण्याबाहेर ओढला आणि नाक्याच्या उघड्या अंगणात नेऊन पालथा घातला. पालथा पडलेला डोंगा नानाजींनी यापूर्वी एकदाच पाहिला होता, वडील गेले त्या दिवशी.

समोरच्या काठावर त्यांचे घर दिसत होते. घराच्या कौलांतून चुलीचा धूर निघत होता. सुगंधाबाई घाटावर येऊन कपाळावर हात धरून पाहत होत्या.

"काय झालं?" त्यांनी नदीपलीकडून ओरडून विचारले.

"जप्ती!" नानाजी ओरडले.

"कोनाची?"

"आपली!"

"आधन आलं हाय!"

सहाशे हातांवरच्या घरी पोचण्यासाठी नानाजींनी दोन एस्ट्या बदलल्या, पुलावरून फेरा घातला, त्रेचाळीस किलोमीटर प्रवास केला, आणि ते उंबऱ्यावर टेकले तेव्हा तो भात निवून, घट्ट होऊन, भांड्याच्या आकाराचा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सतरा किलोमीटरवरच्या आपल्या वन कार्यालयात उभे होते. पिपरघाटचे साहेब सडपातळ, गोडबोले, आणि कुणालाही निराश न करणारे होते.

"गुन्हा आमच्या हद्दीतला," ते आनंदाने म्हणाले. "लाकूड उचललं आमच्याकडं. दंड आम्ही करू. त्याची तुम्ही बिलकुल चिंता करू नका."

"अन् डोंगा?"

"डोंगा तिकडं आहे ना. वस्तू जिथं, तिची केस तिथं."

"म्हणजे मी एकटा मानूस, दोन जिल्ह्यांत चोर?"

"चोर अजून नाई, भाऊ. आरोपी."

"साहेब, मी लाकूड तुमच्याच खात्यात जमा कराले गेलतो."

"खातं एकच आहे, भाऊ. हद्द एक नाई."

नानाजी पुन्हा फेरा घालून पल्याड गेले. मोहघाटचे साहेब स्थूल होते आणि सगळे ऐकून घेण्याची त्यांना सवय नव्हती. मूळ गुन्हा चंद्रपूरकडचा, तेव्हा तिकडचे पत्र आल्यावाचून डोंग्याचा निकाल लावता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. नानाजी पत्रासाठी आल्याड आले. आल्याडचे साहेब म्हणाले, मुद्देमाल समोर आल्यावाचून पत्र देता येत नाही, लाकूड इकडे मागवा. नानाजी पल्याड गेले. पल्याडचे साहेब म्हणाले, खुशाल न्या, पण एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात लाकूड न्यायचे तर वाहतूक परवाना लागेल.

"द्या मंग परवाना."

"लाकूड ज्या जिल्ह्यातलं, परवाना त्या जिल्ह्याचा."

"अन् त्या जिल्ह्याचे साहेब म्हनतात, लाकूड समोर आल्याबिगर कोनताच कागद नाई."

"बरोबर आहे त्यांचं," मोहघाटचे साहेब म्हणाले. एवढ्या दिवसांत दोन्ही कार्यालयांचे एकमत झालेला हा पहिला मुद्दा होता.

जाताना साहेबांनी त्यांच्या हाती एक नोटीस दिली. ठरलेल्या मुदतीत मालकाने योग्य कार्यालयासमोर कारण दाखवले नाही, तर नाव सरकारजमा होईल आणि लाकूड म्हणून फोडून लिलावात जाईल, असे तीत लिहिले होते. मुदतीचे तेवीस दिवस उरले होते. योग्य कार्यालय कोणते, ती जागा कोरी होती.

नोटिशीपेक्षा वाईट काम ऊन करीत होते. आश्विनाचे ऊन त्या भागात उन्हाळ्याची उरलेली वसुली केल्यासारखे पडते. अखंड खोडाची नाव पाण्यात शंभर वर्षे जगते आणि कोरड्या अंगणात महिनाभरात मरते. नवव्या दिवशी नानाजींनी डोंग्याच्या पाठीवर हात फिरवला तेव्हा बोटाला एक बारीक भेग लागली, केसाएवढी. त्यांनी हात मागे घेतला. आजारी माणसाच्या अंगावरची चादर आपण चुकून सरकवली की घेतो, तसा.

"मी रोज दोन बादल्या पानी टाकतो त्याच्यावर," राजदीप मागून हळू आवाजात म्हणाला. "पोतं ओलं करून झाकतो. साहेबाले सांगू नका. मुद्देमालात फेरफार केल्यासारखं होते."

नानाजींना त्याच्यावर ओरडायचे होते. सगळी वाक्ये त्यांनी एसटीत जुळवून आणली होती. पण त्या पोराच्या नव्या गणवेशाची बाही कोपरापर्यंत भिजलेली होती. ते नुसतेच म्हणाले, "विहिरीचं नको टाकू. नदीचं टाकत जा. त्याले नदीचंच लागते."

गावातल्या लोकांनी सल्ला दिला की आता वकील करा. सावली या तालुक्याच्या गावी न्यायालयाबाहेर अश्वजित नावाचा तरुण वकील बसत असे. सनद मिळून त्याला पाच महिने झाले होते. तो इतक्या हळू बोलायचा की पक्षकाराला पुढे वाकावे लागे, आणि त्यामुळे तो फार गुप्त आणि मोलाचे काही सांगत आहे असा लोकांचा समज होई. नानाजींचा सगळा संताप त्याने खाली मान घालून, एकदाही न तोडता ऐकून घेतला. मग कायद्याचे पुस्तक उघडले, आणि तेही हळूच.

"भाऊ, ह्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. दंडाची कारवाई जिथं कृत्य घडलं तिथं. जप्तीची कारवाई जिथं वस्तू सापडली तिथं. आनि वस्तू वाहत्या पान्यात पकडली असंन, तर जिथं ती काठाले लागली तिथंही म्हनता येते."

"म्हणजे माही केस कुठी?"

"तिन्ही ठिकानी चालू शकते."

"अन् माहा डोंगा?"

"तो एकाच ठिकानी आहे," अश्वजित म्हणाला, आणि आपल्या तोंडून हे असे बाहेर पडले याचे त्यालाच वाईट वाटलेले दिसले. "पन भाऊ, हेच आपलं भांडन आहे. दोघंही तुम्हाले तिकडं जा म्हनून राह्यले. आपन अर्ज करू, की दोन्ही साहेबांनी संयुक्त पाहनी करावी. लाकूड नेमकं कोन्या हद्दीत होतं ते नदीत जाऊन ठरवावं. एकदा कोन्या तरी एकाचं ठरलं, का त्याच्यासमोर उभं राहून मी बोलू शकतो. आता तर तुम्ही हवेशी झगडून राह्यले."

"तुमी मोठ्यानं बोलान ना पन तवा?"

अश्वजितने कबूल केले की तो प्रयत्न करील.

अर्ज गेला. आश्चर्य म्हणजे तो मंजूर झाला, कारण दोन्ही साहेबांना खात्री होती की पाहणीनंतर हे प्रकरण दुसऱ्याच्या गळ्यात पडेल. जप्तीच्या एकोणिसाव्या दिवशी सगळे मोहघाटच्या काठावर जमले. आणि तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आले की पाहणी नदीत आहे, आणि नदीत जायला नाव लागते.

मोटारबोट दुरुस्तीला गेलेली होती. आसपासच्या कोळ्यांनी वनखात्याला नाव द्यायची म्हणताच आपापल्या नावा कुठेतरी दूर नेऊन बांधल्या होत्या. नानाजींचे काय झाले ते त्यांनी पाहिले होते. उरली एकच नाव. ती अंगणात पालथी पडली होती.

अर्ध्या तासाच्या खलबतानंतर वाट निघाली. जप्त नाव तिच्या मालकाला चार तासांसाठी सुपूर्दनाम्यावर द्यावी, आणि मालकाने ती चालवावी. ओंडकाही सोबत घ्यावा, कारण तो मूळ जागी ठेवूनच मोजणी व्हायची होती. नाव आणि लाकूड यांपैकी काहीही हरवले तर ती जबाबदारी आपली, अशी सही नानाजींनी केली. म्हणजे आपल्याच डोंग्यात बसण्याची परवानगी मिळाल्याबद्दल त्यांनी सरकारला लेखी हमी दिली. 

डोंगा पाण्यात उतरला तसा भेगेतून आत पाणी डोकावले. "पिऊ द्या त्याले," नानाजी म्हणाले. "एकोनीस दिवसाचा तान्हेला हाय. फुगला का भेग मिटते." पाणी उपसायला राजदीपला तेलाचा रिकामा डबा देऊन मध्ये बसवले. पुढच्या टोकाला पिपरघाटचे साहेब, मागच्या बाजूला मोहघाटचे साहेब, दोघेही गणवेशावर नारिंगी जीवरक्षक जॅकेट घालून. भारी साहेब मागे आल्यामुळे हलके साहेब हवेत उचलले गेले होते आणि दूरवर नजर लावून बसल्यासारखे रुबाबदार दिसत होते. अश्वजितला पोहता येत नव्हते. तो कागद छातीशी धरून काठावर उभा राहिला.

नानाजी सवयीने ओंडक्याची दोरी डोंग्याला बांधू लागले.

"थांबा," पिपरघाटचे साहेब म्हणाले. "नावेले बांधलं तर पुन्हा वाहतूक होईन. आमच्या हद्दीत विनापरवाना प्रवेश."

"मग तुम्ही धरा," मोहघाटचे साहेब म्हणाले.

"मी धरलं तर ताबा माझा होते. ताबा तुमच्याकडं आहे."

"मी एकटा काऊन धरू?"

शेवटी दोरी दोघांनी मिळून धरायची ठरली. संयुक्त पाहणी, तर संयुक्त दोरी. पुढून एक हात, मागून एक हात, मधून ती राजदीपच्या मांडीवरून जात होती, आणि ओंडका शेजारून शांतपणे चालला होता. नानाजी उभे राहून बांबू टेकीत होते आणि खालच्या आवाजात एकसारखे बोलत होते. ते कुणाला उद्देशून नव्हते; नदी ऐकत होती.

मधल्या धारेपाशी आल्यावर दोन्ही साहेबांनी मोकळ्या हाताने मोबाईल काढले आणि नकाशा उघडला.

"आपन चंद्रपुरात आहो," मोहघाटचे साहेब विजयाने म्हणाले.

"माझ्यात तर गडचिरोली दाखवून राह्यलं."

"तुम्ही पुढं बसले आहा म्हनून. तुमचं टोक फिरलं. ओ काका, नाव सरळ धरा."

"धार हाय साहेब, सडक नोहो," नानाजी म्हणाले.

"आता बघा. आता माझ्यात गडचिरोली आलं," मोहघाटचे साहेब कुरकुरले.

"आनि माझ्यात चंद्रपूर," पिपरघाटचे साहेब म्हणाले.

"म्हणजे तुमचं."

"आत्ता म्हनले ना तुम्ही, गडचिरोली?"

"ते आत्ता होतं. काका, एका जागी थांबवा ना."

एका जागी थांबणे वाहत्या पाण्यात कसे करतात, हे विचारावेसे नानाजींना फार वाटले. त्यांच्या आज्याच्या आज्यापासून या नदीची धार दर पुरात इकडची तिकडे सरकत आली होती. कधी पिपरघाटची कलिंगडाची वाडी मोहघाटला लागे, कधी मोहघाटची रेती पिपरघाटला. त्यावरून कुणी कुणाला आरोपी म्हटले नव्हते. ते बोलले नाहीत, कारण त्याच वेळी मोहघाटच्या साहेबांनी नकाशा मोठा करून पाहण्यासाठी दुसरा हात वापरला. पुढच्यांनी दोरी धरली आहे, अशी त्यांची समजूत होती. पुढच्यांनी तो हात नकाशासाठी त्याआधीच मोकळा करून घेतला होता, कारण त्यांची समजूत मागच्यांविषयी तशीच होती.

राजदीपच्या मांडीवरून काहीतरी सरपटत गेले. त्याला आधी साप वाटला. त्याने डबा टाकून पाय वर घेतले.

"साहेब," तो म्हणाला, "मुद्देमाल चालला."

ओंडका दोन डोंगे अंतर गेला होता. धारेला लागताच त्याने तोंड वळवले, आणि ज्या कामासाठी निघालो होतो ते आता पुरे करू, अशा शांतपणे तो दक्षिणेकडे निघाला.

"तुम्ही सोडली."

"तुम्ही सोडली."

"कोन्या हद्दीत सुटली ते आधी पाहा," पिपरघाटचे साहेब म्हणाले, आणि दोघेही पुन्हा मोबाईलवर वाकले.

नानाजींच्या डोळ्यांपुढे सुपूर्दनामा उभा राहिला. लाकूड हरवले तर जबाबदारी त्यांची. लाकूड गेले की डोंगाही गेला, लिलावात, फळ्या होऊन. "घट्ट बसा," ते म्हणाले. ही विनंती नव्हती. त्यांनी बांबू खाली टाकला, वल्हे उचलले आणि डोंगा धारेत घातला.

पुढचा दीड तास दोन्ही साहेबांनी हद्दीचा विषय काढला नाही. राजदीप उपसत होता, नानाजी वल्हवत होते, आणि एकोणीस दिवस मनात साचलेले सगळे आता त्यांच्या तोंडून दर वल्ह्यागणिक एक वाक्य असे बाहेर पडत होते. "जमा कराले गेलो." वल्हे. "पावती मांगली." वल्हे. "डोंगा उलटा पाडला." वल्हे. "अन् इथी म्हनते नदीचा रकाना नाई." दोन्ही साहेब काठ गच्च धरून ते सगळे ऐकत होते. बाहेर जाण्यासाठी दार नसलेल्या खोलीत नानाजींची बाजू प्रथमच पूर्ण ऐकली गेली.

कन्हारटोल्याच्या वळणावर ओंडका वाळूत घुसला. नानाजी कमरेएवढ्या पाण्यात उतरले, त्यांच्यामागे राजदीप उतरला, आणि दोघांनी दोरी धरून तो काठाला ओढला. त्याच वेळी वरून शिट्टी वाजली.

काठावर एक वनरक्षक उभी होती. तिच्या छातीवरच्या पट्टीवर संघप्रिया असे नाव होते. हा काठ ना मोहघाटचा होता ना पिपरघाटचा. इथून तिसऱ्या कार्यालयाची हद्द लागत होती. तिने डोंगा पाहिला, सागवान पाहिले, चार भिजलेली माणसे पाहिली, आणि नोंदवही उघडली.

"परवाना?"

"मॅडम, आम्ही वनक्षेत्रपाल आहो," मोहघाटचे साहेब डोंग्यातून म्हणाले.

"दोघंही?"

"दोघंही."

"एका डोंग्यात?" तिने जॅकेटांकडे पाहिले. "ओळखपत्र दाखवा."

ओळखपत्रे गाडीत होती. गाडी मोहघाटला होती. मोबाईल भिजू नयेत म्हणून दोघांनी ते राजदीपकडे दिले होते, आणि राजदीप कमरेपर्यंत पाण्यात उभा होता.

"लाकूड कुठून आनलं?" संघप्रियाने विचारले.

"आनलं नाई," मोहघाटचे साहेब म्हणाले. "वाहत आलं."

"तुमच्या नावेसोबत?"

"नावेचा लाकडाशी काही संबंध नाही," पिपरघाटचे साहेब घाईघाईने म्हणाले. "नदीनं आनलं. आम्ही तर सरकारी माल वाचवाले आलो. उलट आम्हालेच तुम्ही—" त्यांनी हात जोडले. "अहो मॅडम, प्रामानिक मानसाले असं आरोपी करता काय?"

नानाजींच्या हातातली दोरी तशीच राहिली. ते पाण्यातून बाहेर आले, संघप्रियासमोर उभे राहिले आणि पाणी निथळत असतानाच म्हणाले, "लिहून घे बाई. दोन्ही साहेब आता जे बोलले ते, शब्दाले शब्द. अन् सही घे."

"तुम्ही कोन?"

"डोंग्याचा मालक. ह्या दोघायच्या मते चोर."

"आरोपी," पिपरघाटचे साहेब सवयीने म्हणाले.

तासाभराने कन्हारटोल्याच्या कार्यालयातून ओळख पटल्याचा निरोप आला. तोपर्यंत बयान लिहून झाले होते, आणि ते बदलायचे तर विनापरवाना सागवानासह परक्या हद्दीत सापडल्याची नोंद तशीच राहिली असती. दोन्ही साहेबांनी सह्या केल्या. लाकूड कुणीही आणलेले नसून प्रवाहाने आले. नावेचा त्याच्याशी संबंध नाही. लाकूड कन्हारटोल्याच्या ताब्यात गेले आणि डोंगा मोकळा झाला.

नानाजी मात्र मोकळे झाले नव्हते.

"अन् माह्यावरची केस?"

"आमच्या हद्दीत तुमच्यावर काहीच नाही," मोहघाटचे साहेब म्हणाले.

"आमच्याही नाही," पिपरघाटचे म्हणाले.

"मंग एकोनीस दिवस मी कोन्या हद्दीत चोर होतो?"

दोघांनीही नदीकडे पाहिले. नदी आपल्या कामात होती. संघप्रियाने वही मिटली आणि म्हणाली, "काका, हे लिहून द्याचा अधिकार मले नाई. पन मी आयकलं."

त्यांना न्यायला जीप आली. राजदीपने डबा डोंग्यातच ठेवला, भेगेला डांबर लावा असे सांगितले, आणि तो जीपमध्ये चढला.

नानाजी एकटे उलट्या धारेने निघाले. ऊन उतरले होते. दोन्ही काठांवरची जंगले एकसारखीच काळी होत चालली होती, आणि त्यांच्यातून येणारा ओल्या पानांचा वासही सारखाच होता. डोंग्याने पाणी प्यायले होते, भेग बरीच मिटली होती. तरी तळाशी अजून एक बारीक धार आत येत होती. राग गेला नव्हता. तो काढायला आता समोर माणूस नव्हता, एवढेच, आणि मालक नसलेला राग सांभाळणे त्यांना ओंडक्यापेक्षा जड जात होते.

खिशातल्या प्लास्टिकच्या पिशवीत मोबाईल वाजला. सुगंधाबाई होत्या.

"डोंगा भेटला का जी?"

"भेटला."

"मोकळा?"

"मोकळा."

"सही-गिही?"

"सगळं झालं."

"मंग शेजारच्या लच्छूले सांगतो, कंदील घेऊन घ्याले येईन. कुठी आहा तुम्ही आता?"

नानाजींनी वल्हे थांबवले. डावीकडे पाहिले. उजवीकडे पाहिले. डोंगा हळूच एकदा इकडे आणि एकदा तिकडे तोंड करून फिरला. आयुष्यभर नेमके बोललेल्या त्या माणसाने बराच वेळ विचार केला.

"थांब," ते म्हणाले. "वकिलाले विचारून सांगतो."